पीसीओएस, गरोदरपण आणि घरचा ग्लुकोमीटर : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यात मी घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र आणले आणि प्रसूतीपर्यंत ते नियमित वापरले. मला अनेक वर्षांपासून पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) आहे, आणि हा अभिप्राय प्रामुख्याने अशाच स्त्रियांसाठी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते बहुतेक सर्वच ग्लुकोमीटरना लागू पडते.

पीसीओएस म्हणजे केवळ अनियमित पाळी आणि दिवस राहण्यातील अडचण, एवढेच मी धरून चालले होते. दिवस राहिले की हा विषय संपला, असा माझा समज होता आणि तो चुकीचा होता. या विकारात अनेकींच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव आधीच कमी झालेला असतो. त्यात गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणारी संप्रेरके तो आणखी कमी करतात, त्यामुळे गरोदरपणातील मधुमेहाची शक्यता वाढते. त्याच्या जोडीला गर्भपात, वाढलेला रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया (दाब वाढून इतर अवयवांवरही परिणाम होणारा गरोदरपणातील विकार) आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोकाही इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतो. धोका जास्त म्हणजे प्रत्येकीला त्रास होणारच असे नव्हे. मात्र तपासण्यांत ढिलाई चालत नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही पीसीओएस असलेल्या स्त्रीचे गरोदरपण जोखमीचे मानावे असे म्हटले आहे.

आता यंत्राविषयी. वापरायला ते सोपे आहे. पट्टी आत सरकवायची, बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचायचे (तिथे कमी दुखते), आणि रक्ताचा थेंब पट्टीच्या काठाला लावायचा. काही सेकंदांत आकडा दिसतो. पहिल्याच आठवड्यात एकदा 171 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे साखरेचे आकडेही याच एककात) हा आकडा पाहून माझे हातपाय गळाले होते. नंतर लक्षात आले, की थोड्या वेळापूर्वी मी फळ सोलले होते आणि हात न धुताच बोट टोचले होते. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून पुन्हा मोजले तेव्हा 104 आले. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या खराब होतात, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर काही मीटर साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात. गरोदरपणात रक्तक्षय किती सर्रास आढळतो हे लक्षात घेता, ही शेवटची बाब माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली असावी, हे मला अजिबात पटले नाही.

अचूकतेबद्दल अपेक्षा माफकच ठेवावी. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर 100 मिलिग्रॅमपेक्षा कमी असताना किमान 95 टक्के आकडे प्रयोगशाळेच्या निकालापासून 15 मिलिग्रॅमच्या आत, आणि त्याहून अधिक असताना 15 टक्क्यांच्या आत असले तरी मीटर उत्तीर्ण होतो. गरोदरपणातील मधुमेहात उपाशीपोटीची साखर साधारणपणे 95 च्या खाली ठेवायची असते. तेव्हा 93 की 97 यावर एका दिवसापुरती चिंता करण्यात अर्थ नाही, आठवडाभराच्या नोंदींचा कल पाहावा.

माझी खरी चूक यंत्राची नव्हती. पहिल्या भेटीतील ग्लुकोज तपासणी ठीक आली होती आणि त्यानंतर मी रोज सकाळी फक्त उपाशीपोटी मोजत असे. आकडे 85 ते 90 च्या दरम्यान येत, म्हणून 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करायची 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी टाळावी असे माझ्या मनात आले. डॉक्टरबाईंनी ऐकले नाही. सव्विसाव्या आठवड्यातील त्या तपासणीत उपाशीपोटीचा आकडा 88, म्हणजे अगदी चांगला होता. परंतु एका तासाने 191 आणि दोन तासांनी 160 आले. मर्यादा अनुक्रमे 180 आणि 153 ची आहे. मीटर खोटे बोलत नव्हता, मी त्याला चुकीच्या वेळी विचारत होते. निदानासाठी हे यंत्र नाहीच. निदान प्रयोगशाळेतच व्हायला हवे.

गरोदरपणातील मधुमेहाचे निदान झाल्यानंतर मात्र याच यंत्राने मला फार मोठा आधार दिला. जेवणानंतर एका तासाने 140 च्या आत आणि दोन तासांनी 120 च्या आत, हे लक्ष्य समोर ठेवून मी वही लिहू लागले. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले तर आकडा किती खाली येतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर चालण्याचा कंटाळा राहिला नाही. दर भेटीत डॉक्टरबाई आधी ती वही मागत आणि औषधाचा निर्णय तिच्यावरून घेत. पीसीओएससाठी मेटफॉर्मिन (मधुमेहातही दिले जाणारे औषध) घेणाऱ्या मैत्रिणींना एक सांगावेसे वाटते : ते घेतल्याने गरोदरपणातील मधुमेह किंवा प्रीएक्लॅम्प्सिया टळतो असे सिद्ध झालेले नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा अशी, की रक्तदाबाविषयी ते काहीच सांगत नाही. विसाव्या आठवड्यानंतर दाब 140/90 किंवा त्याहून वर गेला, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर साखरेचा आकडा कितीही चांगला असला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याचे यंत्र मी तिसाव्या आठवड्यात घेतले. ते ग्लुकोमीटरसोबतच घ्यायला हवे होते.

पाच पैकी चार गुण. प्रसूतीनंतर माझी साखर पूर्ववत झाली, तरी सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची असते. माझी पुढच्या मंगळवारी आहे, आणि या वेळी घरच्या आकड्यांवर विसंबून ती टाळण्याचा विचारही मनात आलेला नाही.