नागपूर-चंद्रपूर दगडांची टूर : पैसे वसूल, पण उन्हाळ्यात जाऊ नका

विदर्भात दगड म्हणजे नुसता काळा पत्थर असं ज्यांना वाटतं त्यांनी ही एका दिवसाची टूर एकदा कराच. सोबत येणारे सर रिटायर्ड प्रोफेसर आहेत आणि त्यांची पद्धत जाम आवडली, आधी दगड हातात देतात, दाणे जाड की बारीक, रंग कसा, खाली काय नि वर काय हे आपल्याकडूनच वदवून घेतात, नाव सगळ्यात शेवटी.

सुरुवात कामठीला. तिथला तांबूस, गंज चढल्यासारखा वाळूचा खडक म्हणजे कामठी फॉर्मेशन, म्हणजे वेगळा ओळखता येईल असा खडकांचा थर. थराला नाव द्यायचं ते असं जवळच्या गावाचं नाहीतर नदीचं. म्हणून चंद्रपूरचा कोळसा ज्या थरात सापडतो तो बराकर, ती नदी पार झारखंड-बंगालकडची, आणि त्याच्याही खालचा तालचीर, ओडिशातला. हे सगळे गोंडवाना नावाच्या थरांच्या मोठ्या गठ्ठ्याच्या पोटात. गोंडवानाच्या वर आणि लाव्हाच्या काळ्या पत्थराच्या खाली येतो तो लामेटा, नाव जबलपूरच्या घाटाचं पण डायनोसॉरची वाळून दगड झालेली शी आपल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला! इथे फारच घाई केली राव, पोरं गाडीत बसायला तयार नव्हती. काही उचलू देत नाहीत, ते मात्र बरोबरच आहे.

बेस्ट स्टॉप शेवटचा, चंद्रपूरच्या पुढे इरई गावाजवळ. खाली पैनगंगेचा चुनखडक, त्यावर हिमनदीने ओढलेले ओरखडे, आणि त्यावर बसलेला तालचीर, बारीक मातीत मधेच मोठाले गोटे, कसलीच चाळणी न झालेले, कारण वाहतं पाणी निवडून टाकतं तसं बर्फ करत नाही. चंद्रपुरात बर्फ, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी! आणि खालचा चुनखडक त्याच्याही कितीतरी आधीचा, मधली कोट्यवधी वर्षं थरांतून गायबच. सर तिथे पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, बघू दिलं.

तक्रारी दोन. रस्ता वयाच्या क्रमाने जात नाही, सगळ्यात जुनं शेवटी येतं, त्यामुळे वही नसेल तर डोक्यात खिचडी होते. आणि जो चार्ट देतात त्यात ग्रुप (अनेक फॉर्मेशन मिळून), फॉर्मेशन, मेंबर (फॉर्मेशनचा भाग) सगळं एकाच साइझच्या अक्षरात, कोण कोणात मोडतं ते नवख्याला कळतच नाही, शिवाय सगळा इंग्लिशमध्ये. जेवण ठीकठाक. कोळशाची खाण लांबूनच दिसते, आत नेत नाहीत.

५ पैकी ४. डिसेंबर-जानेवारीत जा, बूट घाला, पाणी स्वतःचं न्या.