फायरफॉक्स, आठ महिन्यांनंतर : तक्रार ब्राउझरची नाही, वहीखात्याची आहे

मंडळी, आधी मी कोण ते सांगतो म्हणजे उगाच जास्त अपेक्षा नको. बडोद्यात दांडिया बझारात घरूनच अकाउंटचं काम करतो, जीएसटी, टीडीएस, टॅली, छोट्या दुकानदारांची खाती. कॉम्प्युटरवाला नाही. पण दिवसाचे दहा तास ब्राउझर उघडा असतो, तीस-पस्तीस टॅब, बायको येता जाता बघून म्हणते, हे काम चाललंय की मंगळवारचा बाजार भरलाय.

२०२५ च्या जुलैत क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं (ते मॅनिफेस्ट व्ही टू) कायमची बंद केली, त्यात माझं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन गेलं. लाइट वालं टाकून बघितलं, मला नाही जमलं. भाचा म्हणाला मामा फायरफॉक्सवर अजून पूर्ण चालतं, म्हणून आलो, बाकी मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं, जाहिराती नको होत्या एवढंच.

आता वापराचं. माझ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे कंटेनर. एकाच पोर्टलवर एका वेळी चार पार्ट्यांचं लॉगिन, प्रत्येकीचा टॅब वेगळ्या रंगाचा, कुकीज एकमेकांत मिसळतच नाहीत. निळा म्हणजे फरसाणवाला, हिरवा म्हणजे हार्डवेअर, लाल म्हणजे ज्याचं रिटर्न नेहमी शेवटच्या तारखेला येतं तो. आधी इन्कॉग्निटो उघड, दुसरा ब्राउझर उघड असं चालायचं, आणि एकदा मी हार्डवेअरवाल्याचं चलन फरसाणवाल्याच्या खात्यातून काढता काढता वाचलोय. या एका सोयीसाठी मी सांगतो की वापरून बघा. उभे टॅब २०२५ च्या मार्चमध्ये आले, तेही पस्तीस टॅबवाल्या माणसाला वरदान आहेत. फोनवर पण एक्स्टेन्शन चालतं, ॲन्ड्रॉइडवर. आयफोनवाल्यांनी नाद सोडा, आपल्याकडे तिथे आतून ॲपलचंच इंजिन (साइट उघडून दाखवणारा आतला भाग) असतं, नाव काहीही असो.

एक गाढवपणा माझा सांगून ठेवतो. सिंकचा (लॅपटॉप, फोन सगळीकडे ब्राउझरचा डेटा सारखा ठेवणारी सोय) पासवर्ड विसरलो, रिकव्हरी की काढून ठेवली नव्हती. तिथे डेटा असा कुलूपबंद असतो की कंपनीलाही उघडता येत नाही, पासवर्ड रीसेट केला की सर्व्हरवरचा माल साफ. नशीब लॅपटॉपवर सगळं होतं. की काढा, प्रिंट मारा, फाइलला लावा.

खरा त्रास एका बँकेच्या साइटचा. नाव नाही घेत. कॉर्पोरेट लॉगिनला गेलं की पाटी, आपला ब्राउझर सपोर्टेड नाही, कृपया क्रोम वापरा. भाच्याने एक एक्स्टेन्शन टाकून दिलं, त्याने फायरफॉक्स साइटला सांगतो की मी क्रोमच आहे. आणि काय, सगळं चाललं! लॉगिन, ओटीपी, स्टेटमेंट, सगळं. म्हणजे अडचण काहीच नव्हती, फक्त दारावर नाव विचारून परत पाठवत होते. पण मग रात्री डोक्यात आलं की आता त्या बँकेच्या आकडेवारीत मी क्रोमवाला म्हणून मोजला जाणार, उद्या त्यांची मीटिंग होईल आणि कोणीतरी म्हणेल फायरफॉक्सवाले आहेतच किती, कशाला टेस्टिंग करायचं. आकडा कमी म्हणून टेस्टिंग नाही, टेस्टिंग नाही म्हणून आकडा कमी.

आणि हे एका बँकेपुरतं नाही. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टचं एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर आहे, ब्रेव्ह, विवाल्डी सगळे तिथलेच. मोठी इंजिनं उरली तीन, गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको, त्यातलं गेको एकटं असं की ज्याच्यामागे फोन विकणारी किंवा सर्च चालवणारी कंपनी नाही. २००९ च्या आसपास दर तीन-चार माणसांत एक जण फायरफॉक्सवर होता, आज सगळी उपकरणं धरून दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास.

मग सवयीप्रमाणे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे हिशोब उघडून बसलो, ऑडिटेड असतात, कोणालाही बघता येतात. २०२२ सालात एकूण आवक साधारण ५९ कोटी डॉलर आणि त्यातले ५१ कोटी रॉयल्टीचे, म्हणजे सर्च इंजिनांकडून, म्हणजे मुख्य करून गूगलकडून. डिफॉल्ट सर्च ठेवायचे पैसे. २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या सीएफओनेच अमेरिकेतल्या कोर्टात सांगितलं की कमाईतला ९० टक्के भाग फायरफॉक्सचा आणि त्यातला ८५ टक्के गूगलचा. माझ्याकडे अशी पार्टी आली ना, की तीन चतुर्थांशाहून जास्त सेल एकाच गिऱ्हाइकाला, आणि ते गिऱ्हाईक समोरच्याच दुकानात तोच माल विकतंय, तर मी बँकेच्या लोनची फाइल बनवायच्या आधी त्याला चहा पाजून शांतपणे समजावेन.

गंमत बघा, तो खटला गूगलच्या मक्तेदारीविरुद्ध होता आणि मोझिला घाबरलेलं की गूगलने आपल्याला पैसे द्यायलाच बंदी झाली तर पहिले आपण मरू. सप्टेंबरात निकाल आला, पैसे द्यायला हरकत नाही, फक्त एक्स्क्लुझिव्ह करार नको. वाचले. याहूवर जाऊन बघितलं होतं त्यांनी २०१४ मध्ये, तीन वर्षांत परत गूगलकडेच.

दुसरा धंदा उभा करायचा प्रयत्नच केला नाही असं नाही हां. फायरफॉक्सचा फोन आठवतो का कोणाला? २०१४ मध्ये आपल्याकडे १,९९९ रुपयांत आला होता. पुढे मोझिलाने तो नाद सोडला, पण त्याच कोडमधून कायओएस निघालं आणि ते जिओफोनमध्ये गेलं. माझ्या काकूकडे होता जिओफोन, म्हणजे काकू माझ्याआधी मोझिलाचा माल वापरत होती आणि तिलाही पत्ता नाही. माल यांचा, कमाई दुसऱ्याची. लेख नंतर वाचायला साठवायचं ॲप पॉकेट २०१७ ला घेतलं, २०२५ ला बंद केलं.

आता वरच्या मंडळींचं. २०२० च्या ऑगस्टमध्ये अडीचशे लोक काढले, सर्वो नावाचं नवीन इंजिन लिहिणारी टीम पण त्यात गेली. आणि २०२२ मध्ये सीईओ मिचेल बेकर यांचा पगार ६९ लाख डॉलरच्या घरात. बाईंचं काम मोठं आहे, सुरुवातीपासून होत्या, पण वापरणारे कमी होतायत आणि हा आकडा वाढतोय हे कुठल्याही ऑडिटरच्या डोळ्यात खुपेल. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या उतरल्या, मग लॉरा चेंबर्स तात्पुरत्या, मग डिसेंबर २०२५ मध्ये अँथनी एन्झर-डिमिओ. नवे साहेब आले आणि म्हणाले फायरफॉक्सला एआय ब्राउझर करणार, झालं, जे मूठभर लोक टिकून आहेत तेच भडकले. मग आश्वासन दिलं की सगळं एआय बंद करायचं बटण देऊ, आणि २०२६ च्या फेब्रुवारीत दिलंही. मी त्याच दिवशी बंद केलं. त्याच्या वर्षभर आधी, २०२५ मध्ये, डेटा विकणार नाही हे वचन साइटवरून काढून टाकलं होतं, ओरड झाल्यावर शब्द बदलले. अरे बाबांनो, विश्वास हेच तर भांडवल आहे तुमचं, त्यालाच हात लावता.

मला वाटलं आपण पाचशे रुपये पाठवू. तर कळलं की देणगी जाते फाउंडेशनला, ब्राउझर बनवते कॉर्पोरेशन, देणगीचा पैसा फायरफॉक्सच्या कामाला लागतच नाही. वर्गणी मांडवासाठी द्यायची आणि ती लागणार व्याख्यानमालेला. व्याख्यानमाला वाईट नाही, पण मला मांडव पाहिजे होता. थंडरबर्डचं, म्हणजे त्यांच्याच मेलच्या ॲपचं, बरं आहे, ते देणग्यांवर चालतं आणि पैसा तिथेच जातो, म्हणून पाचशे तिकडे दिले, मेल तसंही त्यातच बघतो.

सुरुवातीला मी मोठ्या उत्साहात सर्च डकडकगो करून ठेवलं होतं. हिशोब वाचल्यावर परत गूगल केलं, निदान माझ्या सर्चचे चार आणे यांना मिळतील. भाचा हसला, म्हणाला मामा, गूगल नको म्हणून इकडे आलात ना? म्हटलं हो.

सध्या मार्च एंडिंग आहे. त्या बँकेसाठी ते क्रोमचं सोंग आता काढून टाकलंय. दर सोमवारी पाटी दिसली की कस्टमर केअरला मेल टाकतो, आतापर्यंत सहा टाकलेत, उत्तर एकच येतं, कॅशे क्लिअर करून बघा.