रक्तदाबासाठी मनाचे प्रशिक्षण: शिथिलीकरण, सजगता की समुपदेशन?

रक्तदाबाची गोळी सुरू झाली, जेवणातले मीठ कमी केले आणि तरीही डॉक्टर ‘ताण आवरा’ म्हणत असतील, तर निवड मुख्यतः तीन प्रशिक्षणांतून करावी लागते. यांतले एकही गोळीला पर्याय नाही.

शिथिलीकरणाची, म्हणजे शरीर सैल सोडून मन शांत करण्याची, परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्येच रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी योगाला बायोफीडबॅकची (शरीराच्या हालचाली यंत्रावर पाहून त्या आवरायला शिकण्याची) जोड दिली, आणि १९७५ च्या त्यांच्या ३४ रुग्णांच्या चाचणीत शिकवलेल्या गटाचा रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी २६ मिमीने (पाऱ्याच्या), तर नुसती विश्रांती घेणाऱ्यांचा ९ ने उतरला. मात्र २००८ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २५ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा सरासरी घट साडेपाचच्या आसपास निघाली, आणि दिखाऊ (खरा भासणाऱ्या, पण परिणाम नसलेल्या) उपचाराशी तुलना करताच ती भरवशाची राहिली नाही. खर्च जवळजवळ नाही आणि घरी करता येते, म्हणून सुरुवातीला हे जरूर करावे. पण एवढ्यावरच विसंबू नये.

सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे त्या क्षणी मनात-शरीरात काय चालले आहे याकडे लक्ष देण्याचा) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या २०१ जणांच्या चाचणीत (२०२३) सहा महिन्यांनी वरचा आकडा तुलनागटापेक्षा साडेचारने जास्त उतरला, आणि त्या तुलनागटालाही घरी बीपी मोजण्याचे यंत्र दिलेले होते. या अभ्यासक्रमात नुसते डोळे मिटून बसणे नाही. चिडल्यावर हात फरसाणाच्या डब्याकडे कसा जातो, गोळी का राहून जाते, हे स्वतःचे स्वतः टिपायला शिकवतात. त्यासाठी रोजचा सराव लागतो आणि तो ज्याला जमणार नाही, त्याने पैसे भरू नयेत.

ज्यांचा ताण एका ठरावीक कारणाशी बांधलेला आहे, उदाहरणार्थ नोकरीतली कुचंबणा, घरातला वाद किंवा सतत उफाळणारा राग, त्यांनी मानसशास्त्रज्ञाकडे एकट्याने समुपदेशनाला जाणे उत्तम. कॅनडातील २००१ च्या ६० रुग्णांच्या चाचणीत अशा दहा तासांच्या समुपदेशनानंतर चोवीस तासांच्या नोंदीतला वरचा आकडा सरासरी सहाने घटला. हे तिन्हींत महाग आहे.

काहीही निवडले तरी आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर, उघड्या दंडावर पट्टा बांधून दोन-दोन नोंदी घ्याव्यात, आणि तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजून दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवावेत. गोळीचा डोस त्यांनीच ठरवायचा.