कुंडीतल्या वडाचे 4,500 रुपये

गेल्या वर्षी मे महिन्यात साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका प्रदर्शनातून मी कुंडीतला वड घेतला. 4,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

निमित्त वटपौर्णिमेचं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरून उतरून गर्दीत वडाला फेऱ्या मारणं त्यांना जमत नाही. आणि तोडून आणलेली फांदी पुजायला त्यांचा साफ नकार. स्टॉलवाला गोडबोल्या. "ताई, 35 वर्षांचा आहे, वडिलांनी वाढवलाय. सोफ्याजवळ ठेवा, ऊन नको, आठवड्याला अर्धा कप पाणी." फुगलेला बुंधा, लोंबणाऱ्या दोन पारंब्या, वर पांढरे खडे, खाली चिनी मातीचा ट्रे. शिवाय 250 रुपयांची निळ्या पाण्याची बाटली, म्हणे बोन्सायचं टॉनिक. पैसे क्यूआरवर दिले. पावती मागितली तर हसला, "झाडाची कुठं पावती असते, ताई?" मीही हसले.

घरी आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अगं, पानं केवढुशी! वडाची वाटत नाहीत." मी स्टॉलवाल्याचंच उत्तर त्यांना दिलं, बोन्सायमध्ये पानं बारीक होतात. हे खोटं नाही, आणि तिथंच मी फसले. पान लहान होतं, पण त्याचा घाट बदलत नाही. वडाचं पान रुंद, जाड, टोकाला बोथट. ही पानं गुळगुळीत, चकचकीत, टोकाला निमुळती. जावळीतल्या म्हसव्याचा पसरलेला वड बघत जी बाई मोठी झाली, तिला मी वडाचं पान शिकवत होते! त्या गप्प बसल्या. वटपौर्णिमेला सूत गुंडाळलं, नमस्कारही केला.

पावसाळा लागला आणि पानं गळायला लागली. फोन केला. "जागा बदलली की गळतात, टॉनिक द्या." हेही अर्धं खरं, ही झाडं जागा बदलली की रुसतात. पण इतक्या दिवसांनी? तरी टॉनिक घातलं. जुलैअखेर ट्रेजवळ गटारासारखा वास यायला लागला. पुन्हा फोन लावला तर बंद.

मग चमचा घेऊन खडे उकरायला बसले. निघेनात. सुरीचं टोक घातलं तर सगळे खडे चिक्कीच्या वडीसारखे एकसंध उचलून आले, गोंदानं चिकटवलेले! पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून खाली जायचं आणि तिथंच साचायचं, कारण ट्रेला भोकच नव्हतं. झाड नर्सरीच्या काळ्या पिशवीसकट आत बसवलेलं. तळाची मुळं काळी, चिमटीत धरली की साल सुटून यायची. एक पारंबी जराशी ओढली तर हातातच आली. वरच्या टोकाला वाळका गोंद.

गोडोलीतल्या नर्सरीवाल्या काकांनी बघताक्षणी सांगितलं, "ही नांद्रुक, वडाच्याच कुळातली. हा फुगलेला भाग खोड नाही, मूळ आहे. मुळं जाड होऊ देतात, मग माती काढून ती उघडी ठेवतात. वर बारीक पानांचं कलम. 35 वर्षं कसली?"

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही. पण तक्रार करायची कुणावर? पावती नाही, आणि क्यूआरवर नाव भलत्याच बाईचं. तेव्हा घेण्याआधी खड्यांत बोट घालून बघा, खडे सुटे हवेत. ट्रे उचलून खालचं भोक बघा. बुंधा हलकेच हलवा. वड-नांद्रुकीच्या फांदीला नखानं ओरखडा काढला की पांढरा चीक यायला हवा. विक्रेता हात लावू देत नसेल तर सरळ पुढच्या स्टॉलवर जा.

माझ्या झाडाला चीक आला. कुजकी मुळं कापून ते भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावलं, सोफ्याजवळून उचलून सकाळचं ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवलं. बोटाच्या पेराइतकी माती कोरडी झाली की पाणी, एरवी नाही. दसऱ्याच्या सुमारास कोंब फुटले.

तेव्हा आई म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हा वड नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"पैसे देऊन बसली होतीस ना." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या वर्षी रिक्षा सांग."