बिट.लीची प्लसवाली सोय: लिंक उघडायच्या आधी आत काय आहे ते बघता येतं

मागच्या महिन्यात बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला, लाईट बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कट होणार, आणि खाली बिट.लीची (लांब लिंक छोटी करून देणारी वेबसाइट) छोटीशी लिंक. बाबा दर महिन्याला तारखेच्या आधी बिल भरतात तरी घाबरले, दाबणारच होते, मी म्हटलं थांबा बाबा, मोबाईल द्या इकडे. लिंक कॉपी केली, ब्राउझरमध्ये पेस्ट केली आणि एंटर मारायच्या आधी शेवटी + चिन्ह टाकलं. बस एवढंच. लिंक जिथे नेणार होती तिथे न जाता बिट.लीचंच पान उघडलं आणि त्यावर मूळचा लांबलचक पत्ता, शेवट बघतो तर डॉट एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल! म्हणजे बिलाचं पान वगैरे काही नाहीच, थेट कुठलं तरी ॲप मोबाईलमध्ये उतरणार होतं. हातपायच गार पडले माझे.

या सोयीला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, घरातल्या मोठ्यांना पाच मिनिटांत शिकवता येते. लिंक छोटी करणाऱ्या दुसऱ्या साइट्सवरही अशी सोय आहे. टायनीयूआरएल तर २००२ पासून आहे, तिथे लिंकमधल्या tinyurl.com च्या लगेच आधी preview आणि टिंब लावायचं. इझ.जीडीच्या (is.gd) लिंकला शेवटी वजाचं चिन्ह.

एक स्टार कापला कारण हे फक्त पुढचा एकच टप्पा दाखवतं. भामटे लोक एका छोट्या लिंकच्या आत दुसरी छोटी लिंक लपवतात, मग तीही परत तशीच उघडून बघावी लागते, आणि तिथे कंटाळा करू नका प्लीज. मूळ पत्ता मिळाला की मी तो व्हायरसटोटल या लिंक तपासणाऱ्या वेबसाइटवर टाकतो, तिथे एकाच वेळी कितीतरी सिक्युरिटी कंपन्यांच्या यादीत तपासलं जातं. पण सगळं हिरवं आलं म्हणजे सेफ असं नाही हां, फसवणुकीची साइट आज सकाळीच बनवलेली असेल तर ती अजून कुणाच्याच यादीत नसते. शिवाय तिथे टाकलेली लिंक इतरांनाही दिसू शकते, त्यामुळे पासवर्ड रीसेटची किंवा स्वतःच्या कागदपत्रांची लिंक तिथे अजिबात टाकू नका.

आणि कुणी आधीच दाबून बसलं असेल, पैसे गेले असतील, तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितकं लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त.