ग्लो प्लग: गेलेला एकच बदलायचा की चारही?

ग्लो प्लग म्हणजे पिकअपचं डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारा प्लग. आधी इग्निशन चालू करून या प्लगना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर मीटरने व्होल्टेज बघा. बारा व्होल्टच्या आसपास येत नसेल तर रिले (प्लगना वीज जोडणारा स्विच) किंवा फ्यूज तपासा. प्लगना हात लावू नका. येत असेल तर पट्टी सोडवून थंड इंजिनवर प्रत्येक प्लग मोजा: साधारण १ ओहम ठीक, सर्किट ओपन (मीटरवर जोडणीच दिसत नाही) म्हणजे गेला.

खर्चात एकच प्लग स्वस्त. टिकण्यात सेट सरस, कारण उरलेले तिघे तेवढेच चाललेले. जोखमीत मात्र उलटं, कारण सेटसाठी चारही काढावे लागतात: जाम प्लग हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या झाकणात) तुटला तर कधी हेडच उतरवावं लागतं. म्हणून रात्री गंज सोडवणारा स्प्रे, सकाळी इंजिन कोमट, आणि पाना अडला की थांबायचं.

पिकअप लवकरच विकणार असाल किंवा उष्ण भागात चालवत असाल तर एकच पुरे. घाटमाथ्यावर पहाटे दूध भरणाऱ्याने सेटच घ्यावा.