बँकॉकची नोकरी म्हणून नेलं आणि म्यानमारमध्ये विकलं

माझा मावसभाऊ बीकॉम, टायपिंगला तरबेज. टेलिग्रामवर जाहिरात होती: बँकॉकमध्ये डेटा एंट्री, राहणं-जेवण, तिकीट कंपनीचं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली, टायपिंगची परीक्षासुद्धा घेतली. एजंट तालुक्यातलाच. "थायलंडला व्हिसा लागत नाही, वर्क परमिट तिकडे गेल्यावर होईल," असं त्यानं मावशीला घरी येऊन सांगितलं.

विमानतळावर घ्यायला आलेली गाडी ऑफिसला गेलीच नाही. वाटेत गाड्या बदलत त्याला थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतला नेलं, रात्री होडीतून मोई नदी ओलांडायला लावली. पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. तिथे पासपोर्ट आणि फोन काढून घेतला. काम काय, तर मुलीचा फोटो लावून परदेशातल्या एकट्या माणसांशी रात्रभर गोड बोलायचं आणि त्यांना खोट्या क्रिप्टोत पैसे भरायला लावायचे. टार्गेट चुकलं की जेवण बंद, नाहीतर विजेचा झटका. घरी जायचं म्हटलं की डॉलरमध्ये आकडा सांगायचे, कारण त्याच्यासाठी त्यांनी एजंटला पैसे मोजले होते.

मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून 549 भारतीय परत आणले. त्यांत तो होता.

पण खरा संताप पुढचा आहे. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तर ऐकावं लागलं, "स्वतःच्या पायांनी गेला, लोकांना फसवलंही त्यानंच. मग तक्रार कसली?" ज्याच्या पाठीवरचे वळ अजून गेलेले नाहीत, त्याच्याकडे आरोपी म्हणून बघायचं! भारतीय न्याय संहितेचं कलम 143 स्पष्ट आहे: मानवी तस्करीत पीडिताची संमती गैरलागू. फसवून मिळवलेला होकार हा होकार नव्हेच. वकिलानं हे कलम दाखवल्यावर कुठे तक्रार घेतली. असे कितीतरी पोरगे या भीतीनं गप्प बसले असतील.

टूरिस्ट म्हणून जा, परमिट नंतर, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. परदेशात नोकरी लावणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव तपासता येतं. निघण्याआधी त्याचे मेसेज, तिकीट, पैसे दिल्याचा पुरावा, पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. फोन तिकडे काढून घेतात, मग दूतावासाला आणि पोलिसांना दाखवायला घरच्यांकडे तेवढंच उरतं. सायबर तक्रारीसाठी 1930. मूल अडकलं असेल तर खंडणी भरण्याआधी दूतावासाला कळवा.